ऑक्सिजन सेन्सर खरोखर खराब झाला आहे, हे बदलण्याआधी कसे ठरवावे?

वाटसरू (सोमवार, रात्री ९.४०)

सर्व सभासदांना नमस्कार. माझी गाडी पेट्रोलवर चालणारी, चार सिलिंडरची आणि नऊ वर्षांची असून आतापर्यंत १,१२,००० किलोमीटर धावली आहे. तीन आठवड्यांपूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला. ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर लावून पाहिले तेव्हा पी०१७१ आणि पी०१३३ हे दोन कोड मिळाले. पहिल्याचा अर्थ मिश्रण लीन, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी, आणि दुसऱ्याचा अर्थ पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा प्रतिसाद मंद. पूर्वी लिटरला साधारण १७ किलोमीटरचे अ‍ॅव्हरेज मिळत होते, ते १४ वर आले आहे. पिकअप ठीक आहे, पण गाडी उभी असताना इंजिन किंचित थरथरते.

ज्या गॅरेजमध्ये गाडी दाखवली तिथे बोनेट न उघडताच, केवळ कोड ऐकून, पुढचा आणि मागचा असे दोन्ही सेन्सर बदलायला सांगण्यात आले. सेन्सर हा स्वस्तातला भाग नाही, आणि बदलूनही दिवा पुन्हा लागला तर काय, ही शंका मला सोडत नाही. सेन्सरच दोषी आहे हे घरच्या घरी, साध्या मल्टिमीटरने आणि या स्कॅनरने, किती खात्रीने ठरवता येते? आणि तो बदलायचाच झाला तर थोडीफार हत्यारे हाताळता येणाऱ्या माणसाने ते काम स्वतः करावे का?

पाना_पक्कड (सोमवार, रात्री १०.१५)

एक लाख किलोमीटर उलटले आहेत आणि सेन्सर मंद असल्याचा कोड गाडी स्वतः देत आहे. यात आणखी शोधायचे काय राहिले? ऑक्सिजन सेन्सर हा स्पार्क प्लगसारखाच झिजणारा भाग आहे. पुढचा बदलून टाका. मागच्याबद्दल मात्र घाई करू नका, त्याचा कोड आलेला नाही.

यंत्रवेध (सोमवार, रात्री ११.०५)

पानापक्कड यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे, पहिल्या भागाशी नाही.

कोड हा निदान नसतो, ती तक्रार असते. पी०१७१ ही सेन्सरबद्दलची तक्रार नाहीच, ती सेन्सरने इंजिनबद्दल केलेली तक्रार आहे. सेन्सर म्हणतो की एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त येतो आहे, त्यावर विश्वास ठेवून ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इंधन वाढवत जातो, आणि वाढवण्याची मर्यादा संपली की हा कोड लागतो. साक्षीदाराने साक्ष दिली म्हणून आपण साक्षीदारालाच शिक्षा करायला निघालो आहोत. तो खोटे बोलत असेलही, पण ते आधी सिद्ध व्हायला हवे.

येथे एक गोष्ट मनात पक्की बसवून घ्यावी, कारण पुढचे सगळे निदान तिच्यावर उभे आहे. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, तो फक्त ऑक्सिजन मोजतो. त्याच्या आत झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकचे टोपण किंवा पातळ पट्टी असते. एका बाजूला एक्झॉस्टचा वायू आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा असते. सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर हे सिरॅमिक ऑक्सिजनच्या आयनांना वाट देऊ लागते आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमधील तफावतीतून व्होल्टेज तयार होते. मिश्रण रिच, म्हणजे इंधन जास्त, असेल तर ०.८ ते ०.९ व्होल्ट, लीन असेल तर ०.१ ते ०.२ व्होल्ट, आणि पेट्रोलसाठी वजनाने १४.७ भाग हवा व १ भाग इंधन या नेमक्या प्रमाणाजवळ ०.४५ व्होल्टच्या आसपास तो झटकन खाली-वर होतो. त्यामुळे एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर न जळलेल्या पेट्रोलबरोबर न वापरलेला ऑक्सिजनही बाहेर पडतो आणि सेन्सर प्रामाणिकपणे ‘लीन’ असे सांगतो. मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांना जोडलेल्या नळ्यांच्या संचाच्या, गॅस्केटमधून बाहेरची हवा आत शिरली तरी तो तेच सांगतो. दोन्ही वेळा सेन्सर निर्दोष असतो.

वाटसरू, कोड पुसण्याआधी स्कॅनरमधील फ्रीझ फ्रेम लिहून ठेवा. कोड लागला त्या क्षणाचा वेग, तापमान आणि इंजिनवरचा भार तिथे नोंदलेला असतो आणि कोड पुसला की तोही जातो. नंतर इंजिन पूर्ण गरम झाल्यावर आयडलिंगला (गाडी उभी, अ‍ॅक्सिलरेटर न दाबता) आणि अडीच हजार आरपीएमला शॉर्ट टर्म व लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू त्या क्षणी आणि दीर्घकाळात इंधन किती टक्के वाढवतो किंवा घटवतो ते, किती दिसतात ते इथे द्या.

मिताली (मंगळवार, सकाळी ७.५०)

यंत्रवेध यांनी जे लिहिले आहे ते मी पदरमोड करून शिकले आहे. चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीला हाच पी०१७१ येत होता. एका गॅरेजमध्ये पुढचा सेन्सर बदलला. दहा दिवसांनी दिवा पुन्हा लागला, तेव्हा नवा सेन्सर सदोष निघाला असे सांगून दुसरा बसवला. त्यानेही काही झाले नाही. शेवटी दुसऱ्या एका मेकॅनिकने एअर फिल्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे जाणारा रबरी पाइप हातात धरून वाकवला, तेव्हा त्याच्या घडीच्या तळाशी बोटभर लांबीची चीर उघडली. पाइप सरळ असताना ती दिसतच नव्हती. इंजिनाला झटका बसला की चीर उघडायची आणि हवा मोजणाऱ्या सेन्सरला चुकवून हवा आत जायची. बदललेला सेन्सर मुळात चांगला होता, याचे मला आजही वाईट वाटते.

त्यामुळे वाटसरू, आधी सगळे रबरी पाइप वाकवून पाहा, नुसते वरवर पाहू नका.

पाना_पक्कड (मंगळवार, सकाळी ९.३०)

मिताली, तुमचा अनुभव पटला, परंतु तुमच्या गाडीला पी०१३३ नव्हता. इथे तो आहे. पी०१७१ साठी दहा कारणे असतील, पण ‘प्रतिसाद मंद’ हे सेन्सरबद्दलच आहे.

यंत्रवेध (मंगळवार, सकाळी ११.२०)

बहुतेक वेळा, हो. नेहमी नाही. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टमध्ये गळती असेल तर बाहेरची हवा सतत मिसळत राहते, सेन्सरचे व्होल्टेज वर चढायला वेळ लागतो आणि ईसीयूला तो मंद वाटतो. म्हणून गळती नाही याची खात्री झाल्यावरच पी०१३३ वर विश्वास ठेवावा. तुमचा मुद्दा मी बाजूला टाकत नाही. फक्त त्याचा क्रम दुसरा आहे.

गुलबक्षी (मंगळवार, दुपारी १.१०)

धागा वाचनखुणेत साठवला आहे. एक मूलभूत शंका विचारते. या सेन्सरला काही जण लॅम्बडा सेन्सर म्हणतात. दोन्ही एकच आहेत का? आणि माझ्या गाडीच्या स्कॅनरवर पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज खाली-वर होत नाही, जवळजवळ स्थिर दिसते. म्हणजे तो बंद पडला आहे का? गाडी तर उत्तम चालते.

यंत्रवेध (मंगळवार, दुपारी २.४५)

गुलबक्षी, दोन्ही एकच. लॅम्बडा म्हणजे प्रत्यक्षात असलेली हवा भागिले पूर्ण ज्वलनाला लागणारी हवा. एक आला की प्रमाण नेमके, एकापेक्षा कमी म्हणजे रिच, जास्त म्हणजे लीन. बॉशने विकसित केलेला हा सेन्सर १९७६ मध्ये अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा बसवला गेला, आणि तीन विषारी घटकांवर एकाच वेळी काम करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर त्याच्यामुळेच व्यवहारात उतरला, कारण त्या कन्व्हर्टरला मिश्रण नेमक्या प्रमाणाच्या अगदी जवळ लागते.

तुमचा पुढचा सेन्सर बहुधा वाइडबँड प्रकारचा असावा. त्यात व्होल्टेजची उडी नसते. एका छोट्या पंपिंग सेलमधून किती प्रवाह सोडावा लागतो यावरून ईसीयू मिश्रणाचे प्रमाण काढतो, आणि लॅम्बडा एक असताना तो प्रवाह शून्याजवळ असतो. असा सेन्सर स्थिर दिसणे हे त्याच्या निरोगीपणाचे लक्षण आहे. त्याला मल्टिमीटर लावून ०.१ ते ०.९ व्होल्ट शोधणारे लोक चांगले सेन्सर काढून टाकतात. पाच तारा असतील तर तो वाइडबँड, हे जवळजवळ नक्की. चार तारा असतील तर दोन्ही शक्यता असतात, तेव्हा सर्व्हिस मॅन्युअल पाहावे.

वाटसरू (मंगळवार, रात्री ९.१५)

सर्वांचे आभार. आज सगळे आकडे लिहून काढले. इंजिन गरम असताना आयडलिंगला लाँग टर्म +२२ टक्के आणि शॉर्ट टर्म +५ च्या आसपास. अडीच हजार आरपीएमला लाँग टर्म +९, शॉर्ट टर्म शून्याभोवती. फ्रीझ फ्रेममध्ये गाडी उभी होती आणि इंजिन गरम होते. मॅन्युअलनुसार पुढचा सेन्सर साधाच, चार तारांचा आहे. त्याचे व्होल्टेज खाली-वर होते, पण ०.२ जवळ बराच वेळ रेंगाळते आणि वर ०.७ च्या पुढे जात नाही. मागचा ०.६८ ते ०.७२ व्होल्टवर शांत असतो.

मितालींनी सांगितल्याप्रमाणे सगळे पाइप वाकवून पाहिले. चीर सापडली नाही.

अनुभवाचे_बोल (मंगळवार, रात्री १०.००)

मागचा सेन्सर पूर्णपणे चांगला आहे आणि कन्व्हर्टरही. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून चढउतार शोषून घेतो म्हणूनच त्याच्यानंतर बसवलेल्या मागच्या सेन्सरचा आलेख शांत असतो. तो पुढच्यासारखा नाचू लागला असता तर पी०४२०, म्हणजे कन्व्हर्टर नीट काम करत नसल्याचा कोड, आला असता. त्या गॅरेजने मागचा सेन्सर का बदलायला सांगितला, याला तांत्रिक आधार दिसत नाही.

यंत्रवेध (मंगळवार, रात्री ११.३०)

आकडे बोलके आहेत. साधारणपणे ट्रिम दोन्ही बाजूंना दहा टक्क्यांच्या आत असावा. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल असेल तर तो काही टक्के अधिककडे झुकतो, तेही गृहीत धरा. तुमच्याकडे आयडलिंगला बावीस आणि रेस केल्यावर नऊ आहे, म्हणजे कुठूनतरी ठरावीक हवा शिरते आहे. इंजिन कमी हवा घेत असते तेव्हा तिचा वाटा मोठा ठरतो आणि जास्त घेऊ लागले की नगण्य होतो. इंधन पंप कमजोर किंवा फिल्टर चोंदलेला असता तर उलटे झाले असते, भार वाढला की ट्रिम वाढला असता.

आता प्रश्न असा की ही हवा इंजिनाच्या आधी शिरते की नंतर. याचे उत्तर स्पार्क प्लग देतील. चारही प्लग काढून त्यांचा रंग सांगा. आणि थंड इंजिन चालू केल्यावर काही आवाज येतो का?

वाटसरू (बुधवार, सकाळी ८.२०)

प्लग काढले. चारही प्लगांच्या टोकाला कोरडी काळी काजळी आहे, बोटाला लागते. मिश्रण लीन असेल तर ते पांढरट असायला हवेत ना?

आवाजाबद्दल तुम्ही विचारले म्हणून आठवले. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर इंजिनाच्या मागच्या अंगाला ‘टिक टिक’ असा हलका आवाज येतो आणि पाच-सात मिनिटांत थांबतो. तो टॅपेटचा असावा असे समजून मी आतापर्यंत सोडून दिले होते.

यंत्रवेध (बुधवार, सकाळी ८.५५)

गाठ इथेच आहे. सेन्सर लीन म्हणतो आणि प्लग रिच म्हणतात. प्लग सिलिंडरच्या आत बसलेला असतो, त्याला बाहेरच्या हवेने फसवता येत नाही. म्हणजे सिलिंडरमध्ये खरोखरच पेट्रोल जास्त जाते आहे आणि हवा सिलिंडर व सेन्सर यांच्या मधल्या भागात शिरते आहे. अ‍ॅव्हरेज तीन किलोमीटरने घटण्याचे कारणही हेच. थंड असताना टिकटिक आणि गरम झाल्यावर शांतता, हे एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटच्या गळतीचे जुने लक्षण आहे. धातू तापून फुगतो आणि फट दबते, पण पूर्ण मिटत नाही.

एक्झॉस्टमध्ये दाब असतो, मग हवा आत कशी येईल, असा प्रश्न पडेल. हा दाब सलग नसतो, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर दाब वातावरणापेक्षा खाली जातो आणि तेवढ्या वेळात फट हवा ओढते. आयडलिंगला दोन ठोक्यांमधले अंतर जास्त, म्हणून परिणामही तेव्हा जास्त.

भुईनळा (बुधवार, सकाळी १०.४०)

ही गळती शोधायची घरगुती रीत सांगतो. इंजिन बंद आणि पूर्ण थंड असू द्या. हवा बाहेर फेकू शकणारा व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याचा पाइप सायलेन्सरच्या तोंडाला कापड गुंडाळून बसवा आणि हवा सोडा. मग साबणाचे पाणी मॅनिफोल्डच्या सांध्यावर आणि सेन्सरच्या बुडाशी शिंपडा. फट असेल तिथे फुगे येतील. इंजिन चालू ठेवून हात फिरवण्याच्या फंदात कोणी पडू नये.

वाटसरू (गुरुवार, रात्री ८.३०)

फुगे आले. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधल्या भागात, मॅनिफोल्डच्या खालच्या कडेला. हीट शील्ड काढल्यावर तिथे धातूवर पंख्यासारखी पसरलेली काळी खूण दिसली, जणू कोणी काजळाचे बोट वरून खाली ओढले आहे. तिथला मॅनिफोल्ड आवळून धरणारा एक स्टडही तुटलेला आहे. शनिवारी गॅस्केट आणि स्टड बदलून घेतो.

पाना_पक्कड (गुरुवार, रात्री ९.०५)

यंत्रवेध, गॅस्केटबद्दल तुमचे म्हणणे खरे ठरले, हे मी मनापासून मान्य करतो. तरीही सेन्सर मंद आहे असे मला अजून वाटते. शनिवारनंतर पाहू.

गुलबक्षी (शुक्रवार, दुपारी १२.१५)

दरम्यान एक विचारू का? सेन्सर काढून पेट्रोलमध्ये भिजवला किंवा तारेच्या ब्रशने घासला तर पुन्हा चालू लागतो, असे अनेक व्हिडिओंमध्ये दाखवतात. ते कितपत खरे आहे? तसेच सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत हा सेन्सर वेगळा असतो का?

पाना_पक्कड (शुक्रवार, दुपारी १.००)

माझ्या एका जुन्या गाडीचा सेन्सर काजळीने पूर्ण काळा झाला होता, तो घासल्यावर आणखी वर्षभर चालला. त्यामुळे करून पाहायला हरकत नसावी.

अनुभवाचे_बोल (शुक्रवार, दुपारी २.३०)

हरकत आहे, आणि ती मी स्पष्टपणे नोंदवतो. काजळी हा सेन्सरचा रोग नाही. रिच मिश्रणाचे कारण दूर केले की ती एक्झॉस्टच्या उष्णतेने आपोआप जळून जाते. तुमची बहुधा तशीच गेली असावी. खरा बिघाड करणारे थर वेगळे असतात. सिलिकॉनचा थर पांढरट, कधी चमकदार असतो. कूलंट जळत असेल तर त्याचाही पांढरट थर येतो. ऑइल जळणाऱ्या इंजिनात ऑइलमधील फॉस्फरस येऊन बसतो. हे थर सिरॅमिकवरच्या प्लॅटिनमच्या सूक्ष्म छिद्रांत घट्ट बसलेले असतात, घासून किंवा धुऊन निघत नाहीत. ब्रशने मात्र टोकावरचे संरक्षक आवरण आणि आतले सिरॅमिक दुखावते. हातातून फरशीवर पडलेला सेन्सरही बाहेरून धड दिसला तरी आतून तडकलेला असू शकतो.

सीएनजीसाठी हवा आणि इंधनाचे वजनी प्रमाण सुमारे १७ ला १ होते, पण सेन्सर लॅम्बडा पाहतो, प्रमाण नाही. त्यामुळे लॅम्बडा एक असताना तो दोन्ही इंधनांवर तसाच उडी मारतो. सेन्सर तोच.

वाटसरू (रविवार, सायंकाळी ६.१०)

काल गॅस्केट बदलले, दोन स्टड नवे टाकले. सकाळची टिकटिक पूर्ण थांबली. कोड पुसून शंभर किलोमीटर गाडी चालवली. आयडलिंगचा लाँग टर्म ट्रिम +२२ वरून +४ वर आला आहे.

पण आज दुपारी दिवा पुन्हा लागला. या वेळी एकटा पी०१३३. पानापक्कड, तुमचे म्हणणेही खरे ठरेल असे दिसते. माझ्या स्कॅनरवर पाहिले तर व्होल्टेज ०.२ वरून ०.७ ला जायला जवळपास एक सेकंद घेते.

यंत्रवेध (रविवार, रात्री ८.००)

आता गळती नाही, ट्रिम ठीक आहे, त्यामुळे या कोडला वजन आहे. तरी त्या एका सेकंदावर जाऊ नका. ब्लूटूथचे हे स्कॅनर सेकंदाला मोजकीच वाचने देतात. चांगला सेन्सर लीनकडून रिचकडे साधारण १०० मिलिसेकंदांत जातो, म्हणजे तुमच्या स्कॅनरच्या दोन वाचनांच्या मध्ये अख्खी उडी होऊन जाऊ शकते. मल्टिमीटरचाही हाच तोटा आहे. ऑसिलोस्कोप (व्होल्टेजचा वेगवान आलेख दाखवणारे उपकरण) असलेला कोणी ओळखीचा असेल तर इंजिन गरम असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबून सोडायचा आणि आलेख पाहायचा. दाबताना ०.८ च्या वर, आणि सोडल्यावर इंधन बंद होताच जवळजवळ शून्यावर, दोन्ही उभ्या रेषेत.

तोवर सेन्सरला लवकर तापवणारा त्याच्या आतला हीटर तपासा. कपलर काढून सेन्सरच्या बाजूच्या दोन सारख्या रंगाच्या तारांमध्ये, बहुधा पांढऱ्या, रोध मोजा. सेन्सरच्या प्रकारानुसार तो थंड असताना काही ओहमपासून पंधरा-एक ओहमपर्यंत असतो. अनंत दाखवला तर हीटर तुटला आहे. मग इग्निशन चालू करून गाडीकडच्या कपलरवर बॅटरीचे व्होल्टेज येते का पाहा, कारण नुसता फ्यूज उडाला तरी सेन्सर वेळेत तापत नाही. तेव्हा सहसा पी०१३५ हा हीटरचा कोड येतो. एक पथ्य मात्र कसोशीने पाळा, सिग्नलच्या तारेवर ओहम मोजू नका आणि तिला टेस्ट लॅम्प लावू नका.

वाटसरू (बुधवार, रात्री ९.५०)

हीटर ९ ओहम, कपलरवर १२.४ व्होल्ट. दोन्ही ठीक. मित्राच्या ऑसिलोस्कोपवर पाहिले, लीनकडून रिचकडे जायला सुमारे ४०० मिलिसेकंद लागतात आणि रेषा उभी न चढता टेकडीसारखी वाकते. सेन्सर खरोखरच मंद आहे. आता तो काढताना काय काळजी घ्यावी?

भुईनळा (बुधवार, रात्री ११.१०)

हे काम मी दोनदा केले आहे, त्यातले पहिले फसले होते, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्या वेळी मी थंड इंजिनावर साधा लांब पाना लावून जोर केला. सेन्सर पाव फेरा फिरला आणि करकरत अडकला. मी थांबायला हवे होते. आणखी जोर दिल्यावर तो निघाला खरा, पण त्याच्या आट्यांवर मॅनिफोल्डच्या लोखंडाची चकाकती स्प्रिंगसारखी गुंडाळी निघून आली. नवा सेन्सर बसेना. नंतर टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून आटे दुरुस्त करावे लागले.

दुसऱ्या वेळी आदल्या रात्री आट्यांच्या बुडाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडले. सकाळी इंजिन काही मिनिटे चालवून बंद केले आणि मॅनिफोल्ड कोमट असताना, जाड हातमोजे घालून, काम केले. तापल्याने धातू किंचित फुगतो आणि पकड सैल होते. लाल तापलेल्या एक्झॉस्टजवळ जाऊ नका, कोमट पुरे. बहुतेक सेन्सरांना २२ मिलिमीटरचा पाना लागतो. तारेसाठी बाजूला खाच असलेले खास सॉकेट मिळते, ते वापरा, कारण उघड्या पान्याने षटकोनाचे कोपरे गोल होतात. करकर ऐकू आली की उलटे फिरवून पुन्हा ऑइल सोडा, पुन्हा थोडे पुढे. त्या वेळी पाऊण तास लागला, पण आटे स्वच्छ राहिले.

अनुभवाचे_बोल (गुरुवार, सकाळी ७.३०)

भुईनळा यांनी काढण्याबद्दल नेमके लिहिले, बसवण्याबद्दल मी भर घालतो. नव्या सेन्सरच्या आट्यांवर अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) बहुधा आधीच लावलेले असते. नसेल तर फक्त आट्यांवर पातळ लावा, टोकाला एक ठिपकाही नको. आटे सहसा १८ मिलिमीटर व्यासाचे आणि १.५ मिलिमीटर पिचचे असतात. हाताने शेवटपर्यंत फिरले तरच पाना लावा. मॅन्युअलमधला टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, पाहा. बहुतेक ठिकाणी तो ३५ ते ४५ न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. तार मॅनिफोल्डला टेकणार नाही अशी मूळ क्लिपांमधूनच न्या.

शक्यतो मूळ कपलर असलेलाच सेन्सर घ्या. तारा कापून जोडायच्या प्रकारात डाग (सोल्डर) देऊ नका. अनेक सेन्सरांना तुलनेची बाहेरची हवा तारांच्या आतल्या पोकळीतून मिळते. डाग देताना ती वाट बुजते. त्याच कारणाने कपलरमध्ये ग्रीस भरू नये.

मिताली (गुरुवार, सकाळी ९.००)

वाटसरू, जुना सेन्सर काढल्यावर त्याच्या टोकाचा रंग नक्की सांगा. एक लाखात सेन्सर जातो हे खरे असले तरी काही वेळा त्यामागे दुसरे कारण असते, आणि ते तसेच राहिले तर नवा सेन्सरही जाईल.

वाटसरू (रविवार, सायंकाळी ५.४०)

सेन्सर आज सकाळी बदलला. भुईनळा यांची रीत अक्षरशः पाळली. दोनदा करकर झाली, दोन्ही वेळा मागे फिरून ऑइल सोडले, आणि पन्नास मिनिटांत तो अखंड बाहेर आला.

मिताली, तुम्ही विचारले ते फार मोलाचे ठरले. टोकावर काजळी जवळजवळ नव्हती. छिद्रे असलेल्या धातूच्या टोपणावर पांढरा, किंचित वाळूसारखा खरखरीत थर होता, आणि नखाने खरवडला तरी निघत नव्हता. कूलंटची पातळी दोन वर्षांत तसूभरही उतरलेली नाही, ऑइलही कमी होत नाही. मग आठवले की सव्वा वर्षापूर्वी टॅपेट कव्हरमधून ऑइल झिरपत होते, तेव्हा एका ठिकाणी नवे गॅस्केट न टाकता कडेने भरपूर सिलिकॉन लावून कव्हर बसवले होते. आज पाहिले तर त्या सिलिकॉनची जाड किनार अजूनही बाहेर आलेली आहे.

अनुभवाचे_बोल (रविवार, सायंकाळी ६.२५)

कारण सापडले. साध्या सिलिकॉन सीलंटमधून सुकताना वाफ निघते. टॅपेट कव्हरच्या आतली वाफ पीसीव्हीच्या, म्हणजे इंजिनाच्या आतले वायू पुन्हा जाळायला नेणाऱ्या, नळीतून इनटेकमध्ये ओढली जाते, सिलिंडरमध्ये जळते आणि सिलिकाच्या रूपात सेन्सरवर जमते. सेन्सरला अपाय न करणारे सीलंट वेगळे मिळते आणि त्याच्या वेष्टनावर तसा उल्लेख असतो. तुमचे सीलंट केव्हाच सुकले असल्याने नव्या सेन्सरला त्याचा धोका नाही. तरीही टॅपेट कव्हरला योग्य गॅस्केट टाकून घ्या, आणि त्या वेळी समोर उभे राहून कोणती ट्यूब उघडली जाते ते पाहा.

पाना_पक्कड (रविवार, रात्री ८.१५)

या धाग्यामुळे माझी एक सवय बदलली. यापुढे मी प्लग काढल्याशिवाय सेन्सरचा निर्णय सांगणार नाही. वाटसरू, प्रदूषण तपासणी जवळ आली असेल तर एक लक्षात ठेवा. कोड पुसल्यावर ईसीयूचे रेडिनेस मॉनिटर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या तपासण्यांच्या नोंदी, याही कोऱ्या होतात. त्या पूर्ण व्हायला थंड स्टार्ट, शहरातले थांबत चालणे आणि मोकळ्या रस्त्यावरचा स्थिर वेग असे सगळे मिळावे लागते. आदल्या दिवशी कोड पुसून जाऊ नका.

गुलबक्षी (रविवार, रात्री ९.००)

मागचा सेन्सर शेवटी बदलला का?

वाटसरू (पुढचा शनिवार, सकाळी १०.३०)

नाही. तो आजही ०.७ व्होल्टवर शांत आहे. त्याच सिलिकॉनच्या वाफेतला थोडा अंश त्याच्यापर्यंतही पोहोचला असेल, म्हणून महिन्यातून एकदा त्याचा आलेख पाहणार आहे.

नव्या सेन्सरवर ४२० किलोमीटर झाले. ऑसिलोस्कोपवर लीनकडून रिचकडे जायला आता ८० मिलिसेकंद लागतात. आयडलिंगचा लाँग टर्म ट्रिम +३, अडीच हजारला +२. ऑक्सिजन सेन्सर, हीटर आणि कॅटॅलिस्ट हे तिन्ही मॉनिटर काल पूर्ण झाले. टाकी काठोकाठ भरून काढलेले अ‍ॅव्हरेज १६.६ आले. प्लग पुन्हा काढून पाहिले, काजळी गेली असून टोके फिकट तपकिरी आहेत. टॅपेट कव्हरचे गॅस्केट मागवले आहे, ते पुढच्या आठवड्यात बसवतो.